मिळवले ९४, तक्त्यात ८५ : इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतला २००६-०७ चा हंगाम

इटलीच्या ‘सेरी बी’चा, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, २००६-०७ चा गुणतक्ता पाहिला तर पहिल्याच ओळीत बेरीज चुकल्यासारखी वाटते. युव्हेंटस : सामने ४२, विजय २८, बरोबरी १०, पराभव ४. विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १, म्हणजे ८४ अधिक १०, एकूण ९४. तक्त्यात मात्र ८५ लिहिलेत. मधले ९ गुण मैदानावर गेले नाहीत, सुनावण्यांमध्ये गेले. तेही आधी ३० होते, त्याचे १७ झाले आणि १७ चे ९.

या हंगामाची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी : मोठा संघ पडला, त्याचे निष्ठावान खेळाडू सोबत राहिले, संघ वर्षभरात परत वर आला. गोष्ट खरी आहे, पण मला ती या हंगामातली सर्वांत कमी रंजक बाजू वाटते. बुफॉन गोलरक्षक आणि डेल पिएरो पुढे असलेला संघ दुसऱ्या श्रेणीतून वर येणार नाही तर काय होणार? खरी गंमत आहे ती उण्या गुणांत, तिसऱ्या जागेच्या एका विचित्र नियमात आणि तक्त्याच्या तळाशी. ते कळायला आधी थोडी व्यवस्था समजून घ्यावी लागेल.

आयपीएलमध्ये संघ तळाला गेला तरी पुढच्या वर्षी तो तिथेच खेळतो. फार तर प्रशिक्षक बदलतो आणि लिलावात पैसे ओततो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तसं नसतं. इटलीत सर्वांत वर सेरी ए, तिच्या खाली सेरी बी आणि त्याखाली तेव्हा सेरी सी होती. वरच्या श्रेणीतले शेवटचे तीन संघ खाली जातात आणि खालच्या श्रेणीतले तीन वर येतात. खाली जाणं म्हणजे नुसती नामुष्की नव्हे. टीव्हीचा पैसा आटतो, प्रायोजक पळतात, खेळाडू दुसरा क्लब शोधू लागतात.

२००६-०७ मध्ये सेरी बीत २२ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक असे दोन सामने खेळायचे, म्हणून ४२ सामने. हा २२ चा आकडाही सरळ मार्गाने आलेला नाही. २००३ मध्ये कटानिया क्लबने खाली जाण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, वाद चिघळला, आणि शेवटी भांडण मिटवण्यासाठी सेरी बीच २० वरून २४ संघांची करून टाकली. पुढच्या वर्षी सेरी ए १८ वरून २० वर नेली, तेव्हा सेरी बी २२ वर स्थिरावली. इटालियन फुटबॉलमध्ये निम्मे निकाल वकील लावतात असं म्हटलं जातं. ते थट्टेत म्हणत असतील, पण फार चूक नाही.

वर जाण्याचा नियम असा होता. पहिले दोन संघ थेट सेरी एमध्ये. तिसऱ्या जागेसाठी तिसरा ते सहावा अशा चार संघांत प्लेऑफ. मात्र त्याला एक पोटकलम होतं : तिसरा संघ चौथ्यापेक्षा १० किंवा जास्त गुणांनी पुढे असेल तर प्लेऑफ घ्यायचाच नाही, तिसरा थेट वर. हेतू चांगला होता. वर्षभर इतरांना मैलभर मागे टाकणाऱ्या संघाचं नशीब जूनमधल्या एका वाईट संध्याकाळवर टांगलं जाऊ नये. हे पोटकलम लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी तेच सगळ्यांना घाम फोडणार आहे.

तळाला शेवटचे तीन संघ थेट सेरी सीमध्ये जाणार होते. त्यांच्या वरच्या दोघांत, म्हणजे १८ व्या आणि १९ व्या संघात, ‘प्लेआउट’ नावाची दोन सामन्यांची झुंज होणार होती आणि हरणारा खाली जाणार होता.

दूरध्वनी, पंच आणि उणे तीस

मे २००६ मध्ये इटलीच्या वर्तमानपत्रांत दूरध्वनी संभाषणांचे उतारे छापून येऊ लागले. युव्हेंटसचे सर्वेसर्वा लुचानो मोज्जी पंचांच्या नेमणुका करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलत होते, आणि कुणाला कुठल्या सामन्याला पाठवायचं याची चर्चा त्या बोलण्यात होती. हेच प्रकरण ‘काल्चोपोली’ म्हणून ओळखलं जातं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. हा सामने विकत घेण्याचा सरधोपट मामला नव्हता. बॅगेतून पैसे दिले आणि गोलरक्षकाने चेंडू सोडला, असा आरोप नव्हता. आरोप होता तो पंच नेमणाऱ्या यंत्रणेवर वजन टाकण्याचा, एक जाळं उभं केल्याचा. असं जाळं असेल तर एखादा ठरावीक सामना फिरवल्याचं सिद्ध करण्याची गरजही उरत नाही. स्पर्धेचं पारडं आधीच कलतं केलेलं असतं. या मुद्द्यावर इटलीत आजही वाद घालणारे सापडतात. युव्हेंटसच्या चाहत्यांपैकी बरेच जण म्हणतात की फोन सगळेच करत होते, सापडलो आम्ही. मोज्जींवरचा फौजदारी खटला तर पुढे २०१५ पर्यंत रेंगाळला आणि अखेर मुदत उलटल्यामुळे संपला.

पण फुटबॉलच्या शिक्षेला त्या खटल्याची वाट पाहायची नव्हती. इटलीत क्रीडा न्याय ही वेगळी यंत्रणा आहे. तिची मंडळं वेगळी, पुराव्याचे निकष सैल आणि वेग भन्नाट. त्या वर्षी वेगाला आणखी एक कारण होतं : पुढच्या हंगामात युरोपच्या स्पर्धांत इटलीतून कोण खेळणार, ती नावं युरोपच्या फुटबॉल संघटनेला जुलै संपायच्या आत द्यायची होती. त्यामुळे एरवी वर्षानुवर्षं चालणारं प्रकरण काही आठवड्यांत निकाली निघालं.

फिर्यादी पक्षाची मागणी युव्हेंटसला सेरी बीच्याही खाली ढकलण्याची होती. सुनावणीत योग्य शिक्षा कोणती असं विचारल्यावर युव्हेंटसच्या वकिलाने दुसरी श्रेणी आणि गुणकपात मान्य होईल असं सांगून टाकलं. काही चाहत्यांनी त्याला आजवर माफ केलेलं नाही. मला मात्र तो माणूस व्यवहारी वाटतो. समोर तिसऱ्या श्रेणीची भाषा चालू असताना त्याने दुसरीत पाय रोवला.

पहिला निकाल आला १४ जुलै २००६ ला. बर्लिनमध्ये इटलीने विश्वचषक जिंकून जेमतेम पाच दिवस झाले होते. त्या अंतिम सामन्यात इटली आणि फ्रान्स मिळून युव्हेंटसचे आठ खेळाडू मैदानावर उतरले होते : बुफॉन, कानावारो, झाम्ब्रोटा, कामोरानेसी, डेल पिएरो, आणि समोरून थुराम, व्हिएरा, त्रेझेगे. त्याच आठवड्यात त्यांच्या क्लबला कळलं की आपण दुसऱ्या श्रेणीत आहोत आणि सुरुवात उणे ३० पासून आहे. २००४-०५ चं विजेतेपद काढून घेतलं गेलं. २००५-०६ चंही गेलं आणि ते नंतर इंटर मिलान या क्लबला देण्यात आलं. फिओरेंतिना आणि लाझिओ यांनाही पहिल्या निकालात सेरी बीत टाकलं होतं, पण २५ जुलैच्या अपिलात ते दोघे गुणकपातीवर सुटून वर राहिले. एसी मिलान तर आधीपासूनच वर होता. अपिलानंतर श्रेणी गमावणारा मोठा संघ एकच उरला. त्याचे उणे ३० मात्र उणे १७ झाले.

युव्हेंटसने यानंतर क्रीडा यंत्रणेबाहेर, प्रशासकीय न्यायालयात जाण्याची तयारी केली. असं झालं की फिफा डोळे वटारते आणि संपूर्ण देशाच्या फुटबॉलवर बंदीची टांगती तलवार येते. ऑगस्टच्या अखेरीस क्लबने माघार घेतली. मग इटलीच्या ऑलिंपिक समितीच्या लवादापुढे प्रकरण गेलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी कपात ९ वर आली.

आता उणे १७ म्हणजे नक्की काय, ते बघा. पहिला सामना बरोबरीत सुटला की तुम्ही उणे १६ वर. त्यानंतर लागोपाठ पाच सामने जिंकलात तरी उणे १. सहा आठवडे जीव तोडून खेळायचं आणि ज्या संघाने एकही सामना जिंकलेला नाही त्याच्याही खाली राहायचं. उणे ३० असते तर शून्यावर यायला दहा विजय लागले असते, म्हणजे जवळपास पाव हंगाम. श्रेणी बदलली की उत्पन्न जातं, उणे गुणांनी मात्र वेळ जातो. वर्षभरात परत येण्याचा रस्ता बंद करायचा नाही, पण तो लांब करायचा, ही त्यामागची कल्पना.

कोण गेलं, कोण राहिलं

त्या उन्हाळ्यात युव्हेंटसचं दुकान जवळजवळ रिकामं झालं. कानावारो आणि एमर्सन रेआल माद्रिदला गेले, झाम्ब्रोटा आणि थुराम बार्सेलोनाला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा थेट इंटरला, मुतू फिओरेंतिनाला. प्रशिक्षक फाबिओ कापेलोंनीही माद्रिद गाठलं. राहिले ते बुफॉन, डेल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे आणि कामोरानेसी. २००६ च्या बॅलन डी’ओरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, मतदानात कानावारो पहिला आला आणि बुफॉन दुसरा. म्हणजे त्या वर्षी जगातला दुसऱ्या क्रमांकाचा ठरलेला फुटबॉलपटू शनिवारी दुपारी क्रोतोने आणि फ्रोसिनोनेविरुद्ध गोल राखत होता. सोबत किएलिनी होता, आणि युवा संघातून वर काढलेले मार्किझिओ, जोव्हिंको असे पोरगेले खेळाडू होते. संघ दिदिये देशाँ यांच्या हाती सोपवला गेला. ते या क्लबकडून खेळलेले होते. फ्रान्सला विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक ही त्यांची ओळख २०१८ ची, तेव्हा ती कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

९ सप्टेंबर २००६ ला पहिला सामना रिमिनीत झाला. रिमिनी म्हणजे एड्रियाटिक किनाऱ्यावरचं सुट्ट्या घालवायचं गाव, मैदान छोटंसं. निकाल १-१. पाहुण्यांना वाटलं असेल की हा पहिल्या दिवसाचा गोंधळ. पण परतीच्या सामन्यातही रिमिनीने त्यांना तुरीनमध्ये, युव्हेंटसच्या स्वतःच्या शहरात, ०-० असं रोखलं. त्या वर्षी युव्हेंटसला एकदाही जिंकू न देणारा क्लब अशी रिमिनीची मिरवण्याची जागा आहे, आणि ती रास्तही आहे.

दुसऱ्या श्रेणीतला भूगोल हाच मला या हंगामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. अल्बिनोलेफे नावाचा संघ म्हणजे बेर्गामोजवळच्या खोऱ्यातल्या अल्बिनो आणि लेफे या दोन छोट्या गावांच्या क्लबांचं १९९८ मध्ये झालेलं एकत्रीकरण. फ्रोसिनोने तर त्याच वर्षी इतिहासात पहिल्यांदा सेरी बीत आला होता आणि पहिल्याच हंगामात त्याच्या वाट्याला युव्हेंटस आला. २८ ऑक्टोबरला तुरीनमध्ये त्यांच्याविरुद्ध डेल पिएरोने युव्हेंटससाठीचा आपला २०० वा गोल केला. लवादाने कपात ९ वर आणली होती ती आदल्याच दिवशी.

सगळंच हलकंफुलकं नव्हतं. डिसेंबरमध्ये युव्हेंटसच्या युवा संघातली दोन मुलं क्लबच्या सराव केंद्रातल्या तळ्यात बुडून मरण पावली आणि चेझेनाविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. २ फेब्रुवारी २००७ ला कटानियात सेरी एच्या सामन्यावेळी झालेल्या दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. देशभरातलं फुटबॉल थांबवण्यात आलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा सुरक्षेच्या निकषांत न बसणाऱ्या मैदानांवर सामने प्रेक्षकांविना झाले.

मैदानावर युव्हेंटस जानेवारीत मांतोव्हाकडून ०-१ ने हरला. तोवर तो अपराजित होता. पुढे ब्रेशाकडूनही मार खाल्ला. पण एकूण प्रवास ठरल्यासारखा झाला. डेल पिएरो २० गोलांसह श्रेणीत सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि पुढच्याच वर्षी २१ गोलांसह सेरी एमध्येही तोच पहिला आला. १९ मे २००७ ला आरेझ्झोच्या मैदानावर ५-१ असा विजय मिळवून युव्हेंटसने बढती पक्की केली. त्या आरेझ्झोकडे आपल्याला परत यायचंय.

दुसरे दोन मोठे

युव्हेंटसच्या गोंगाटात एक गोष्ट झाकली गेली. त्या वर्षी सेरी बीत शिक्षा किंवा दिवाळं पचवून आलेला तो एकटाच मोठा संघ नव्हता. नापोली, म्हणजे मॅरेडोनाचा क्लब, १९८७ आणि १९९० चा विजेता, २००४ मध्ये कर्जात बुडून दिवाळखोर झाला होता. चित्रपट निर्माते ऑरेलिओ दे लॉरेंतिस यांनी तो विकत घेतला आणि तिसऱ्या श्रेणीपासून सुरुवात केली. क्लबचं जुनं नावदेखील लगेच मिळालं नाही, सुरुवातीला तो ‘नापोली सॉकर’ होता. २००६ मध्ये तो सेरी बीत पोहोचला.

जेनोआची कथा याहून वाईट. १८९३ मध्ये इंग्रजांनी स्थापन केलेला, नऊ वेळा विजेता, पण शेवटचं विजेतेपद १९२४ मधलं. २००४-०५ मध्ये जेनोआ सेरी बीत पहिला आला, बढतीचा जल्लोष झाला, आणि मग शेवटचा व्हेनेझियाविरुद्धचा सामना ठरवून खेळल्याचा ठपका आला. व्हेनेझियाच्या एका पदाधिकाऱ्याच्या गाडीत पोलिसांना अडीच लाख युरो रोख सापडले होते. सेरी एऐवजी जेनोआची रवानगी तिसऱ्या श्रेणीत झाली. इथे मात्र सगळं सरधोपट होतं : बॅग, पैसे, सामना. काल्चोपोलीशी तुलना केली की दोन आरोपांतला फरक चटकन कळतो. जेनोआही २००६ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून प्लेऑफ जिंकून वर आला होता.

नापोलीचे प्रशिक्षक एडी रेया, जेनोआचे जान पिएरो गास्पेरीनी. हे गास्पेरीनी म्हणजे २०२४ मध्ये अटलांटाला युरोपा लीग जिंकून देणारे. नोव्हेंबरमध्ये नापोलीने घरच्या मैदानावर युव्हेंटसला १-१ असं रोखलं, तो सामना दुसऱ्या श्रेणीतला आहे हे पाहणाऱ्याला सांगावं लागलं असतं.

१० जून २००७. शेवटची फेरी. युव्हेंटस आधीच विजेता. नापोली ७८, जेनोआ ७७, पिआचेन्झा ६७. आणि योगायोग असा की जेनोआ आणि नापोली एकमेकांशीच खेळणार होते, जेनोआच्या मारास्सी मैदानावर.

आता ते पोटकलम काढा. सामना बरोबरीत सुटला तर नापोली ७९ वर दुसरा आणि थेट वर. जेनोआ ७८ वर तिसरा. पिआचेन्झाने आपला त्रिएस्तीनाविरुद्धचा सामना जिंकला तर तो ७० वर, फरक ८, म्हणजे जेनोआला प्लेऑफ. पिआचेन्झाचाही सामना बरोबरीत सुटला तर तो ६८ वर, फरक बरोबर १०, म्हणजे जेनोआ थेट वर. समजा जेनोआ हरला असता, तर तो ७७ वर अडकला असता आणि पिआचेन्झाला एक गुण मिळाला तरी फरक ९ वर येऊन प्लेऑफ लागला असता. उलट नापोली हरला असता तर तो ७८ वर तिसरा, आणि मग पिआचेन्झाच्या निकालाकडे डोळे लावून बसायची पाळी त्याची. म्हणजे बरोबरी दोघांनाही सोयीची होती, तरी एकट्या बरोबरीने जेनोआचं काम भागत नव्हतं.

सामना ०-० सुटला. नापोलीचं झालं. जेनोआचे खेळाडू आणि प्रेक्षक मात्र मैदानातच थांबले, कारण पिआचेन्झात खेळ अजून चालू होता. काही मिनिटांनी निकाल आला, १-१. लोक कुंपणं ओलांडून मैदानात घुसले. दोन्ही क्लबांचे. या दोन शहरांच्या चाहत्यांची मैत्री १९८२ पासूनची होती. त्या वर्षीही हंगामाच्या शेवटच्या दिवशी याच दोघांत २-२ अशी बरोबरी झाली, जेनोआ खाली जाण्यापासून वाचला आणि त्याच्या जागी मिलान खाली गेला. पंचवीस वर्षांनी तेच दोन संघ, पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा बरोबरी.

पिआचेन्झाने ६८ गुण मिळवून, चौथा येऊनही प्लेऑफचा एक सामनासुद्धा खेळला नाही. एका गोलाने चार संघांचा जून महिना रद्द केला. नियमाचा हेतू चांगला होता असं वर म्हटलं, पण पिआचेन्झात कुणाला ते पटवायला जाऊ नये.

तळाशी कोंते

आणि आता आरेझ्झो. तोस्कानातलं हे शहर, क्लब छोटा. काल्चोपोलीच्याच प्रकरणात त्याला उणे ६ मिळाले होते. त्याची बातमी कुणी फारशी केली नाही. त्यांचे प्रशिक्षक होते आंतोनिओ कोंते, युव्हेंटसचे माजी कर्णधार, देशाँ आणि डेल पिएरोसोबत १९९६ ची चॅम्पियन्स लीग जिंकलेले. सुरुवात वाईट झाली आणि ऑक्टोबरअखेर कोंतेंना काढलं. त्यांच्या जागी आले मौरित्सिओ सारी, एकेकाळी बँकेत नोकरी केलेले. मार्चमध्ये सारींनाही काढलं आणि कोंते परत आले. परतल्यावर त्यांनी विजयांची अशी रांग लावली की बुडालेला संघ पुन्हा काठाशी आला.

मग आला १९ मे. युव्हेंटसने आरेझ्झोला त्यांच्याच घरी पाच गोल मारले आणि माजी कर्णधारासमोर आपली बढती साजरी केली. इथवर तक्रारीला जागा नाही. पण आठवड्याभरात विजेतेपद पक्कं झाल्यावर देशाँ क्लबशी बिनसून निघून गेले. शेवटचे दोन सामने युव्हेंटस हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला आणि दोन्ही हरला. त्यातला दुसरा तुरीनमध्ये, स्पेझियाविरुद्ध, २-३. स्पेझिया तळाशी आरेझ्झोशीच झगडत होती. त्या तीन गुणांनी ती प्लेआउटच्या जागेवर पोहोचली आणि आरेझ्झो एका गुणाने मागे राहून थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. कोंते आपल्या जुन्या क्लबवर जाहीरपणे भडकले. खेळाडूंनी मुद्दाम काही केलं असं म्हणायला आधार नाही. सुट्टीच्या मनःस्थितीतला संघ जिवावर उदार झालेल्या संघासमोर असाच खेळतो. पण ज्यांची आयुष्यं त्या एका गुणावर होती त्यांना हे समजावणं अवघड.

उणे ६ नसते, तर स्पेझिया तुरीनमध्ये जिंकली काय नि हरली काय, आरेझ्झो थेट खाली गेलाच नसता. युव्हेंटसचे २१ गुण अपिलांमधून परत आले. क्लब जेवढा मोठा तेवढी वकिलांची फौज मोठी, हे इथेही दिसतं. आरेझ्झोसोबत पेस्कारा आणि क्रोतोने गेले. प्लेआउटमध्ये स्पेझियाने व्हेरोनाला २-१, ०-० असं हरवलं. १९८५ चा इटलीचा विजेता व्हेरोना तिसऱ्या श्रेणीत गेला आणि पुढची चार वर्षं तिथेच अडकला.

पुढे काय झालं ते पाहिलं तर आरेझ्झोची ती प्रशिक्षकाची खुर्ची आणखी विचित्र वाटते. कोंतेंनी २०१२ पासून युव्हेंटसला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून दिली आणि २०२५ मध्ये नापोलीलाही विजेतं केलं. सारींनी २०२० मध्ये युव्हेंटससोबत लीग जिंकली. इटलीचे दोन भावी विजेते प्रशिक्षक एकाच हंगामात एकाच क्लबने काढले, आणि क्लब तरीही बुडाला.

कपात तशीच राहिली असती तर?

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. युव्हेंटसचे कमावलेले गुण ९४. कपात १७ च राहिली असती तर ७७ होतात. नापोली ७९, जेनोआ ७८, युव्हेंटस तिसरा. चौथा पिआचेन्झा ६८ वर, फरक ९. म्हणजे एका गुणाच्या कमतरतेने प्लेऑफ लागला असता आणि बुफॉन, नेदवेद मंडळी जूनच्या उन्हात पिआचेन्झा, रिमिनी यांच्याशी वर जाण्यासाठी भांडत बसली असती. कपात ३० राहिली असती तर ६४, म्हणजे पिआचेन्झाच्याही खाली.

अर्थात हा हिशेब कागदावरचा आहे. गरज असती तर शेवटचे दोन सामने ते असे हरले नसते, हे मान्य. पण लवादाने परत दिलेल्या ८ गुणांची किंमत किती होती, ते यातून कळतं. हंगाम सुरू असताना, ऑक्टोबरमध्ये, एका दालनात तक्ता बदलला गेला, आणि तो बदल मे महिन्यातल्या कुठल्याही गोलाएवढाच मोठा होता.

ही पद्धत अजून तशीच आहे. जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या हिशेबांवरून युव्हेंटसला पुन्हा उणे १५ मिळाले. एप्रिलमध्ये अपिलात ती शिक्षा स्थगित होऊन गुण परत आले. मे महिन्यात फेरसुनावणीत १० गुण पुन्हा कापले गेले. ७२ कमावलेले, तक्त्यात ६२, क्रमांक सातवा. त्या वर्षी सेरी ए नापोलीने जिंकली, १९९० नंतर पहिल्यांदा.